गावंडेबाईंनी सगळ्यांना विचारलं

आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले की गावंडेबाईंचा एक प्रश्न ठरलेला असायचा. संध्याकाळी मेथी करू का वांगी? भाचीच्या लग्नात पातेलं द्यावं का घड्याळ? गच्चीवरच्या टाकीला झाकण लाकडाचं बसवावं का पत्र्याचं? प्रश्न एकट्यादुकट्याला नसे. मला विचारत, हेडमास्तरीणबाईंना विचारत, घंटा देणाऱ्या गुलाबरावांना विचारत, आणि घरी जाताना रिक्षावाल्यालाही विचारत. प्रत्येकाचं म्हणणं मान हलवत ऐकत. "हे बी खरं हाय," म्हणत. आणि मग जे करायचं ते करत. बहुतेक वेळा ते आमच्यापैकी कुणीच सुचवलेलं नसे. एकदा त्यांनी महिनाभर फ्रिज कोणत्या रंगाचा घ्यावा म्हणून सगळ्यांचं डोकं खाल्लं आणि शेवटी कूलर घेऊन आल्या.

मी शाळेत नवीन होते तेव्हा मला याचा राग यायचा. एकदा म्हटलंही, "बाई, तुम्हाला तुमच्याच मनाचं करायचं असतं, तर आम्हाला विचारता कशाला?"

त्या पोळीचा तुकडा मोडत होत्या. म्हणाल्या, "मंदा, दुसऱ्याले इचारल्यावर समजते का आपल्याले काय नोको हाय."

गावंडेबाई अमरावतीच्या आमच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालणं भराभर. पदर कमरेला खोचलेला आणि अंबाड्यात खडूचा एक तुकडा, कारण फळ्याजवळचा खडू नेमका वेळेवर सापडत नाही असा त्यांचा अनुभव होता. राजापेठेच्या मागच्या गल्लीत, शिकवणी वर्गांच्या पाट्यांच्या गर्दीत, त्यांच्या दोन खोल्या होत्या. त्यांचे यजमान भास्करराव मात्र गावी, नांदगाव खंडेश्वरजवळ, शेती करायचे. शनिवारी दुपारी शाळा सुटली की बाई एसटीने गावी जायच्या आणि सोमवारी सकाळी पहिल्या गाडीने थेट शाळेत यायच्या. वेचणीच्या दिवसांत त्यांच्या साडीच्या निऱ्यांना कापसाचे धागे चिकटलेले असायचे. मुली ते मागून हळूच काढत आणि बाईंना कळतंय हे त्यांनाही माहीत असे.

त्यांचा एक धडा शाळेत प्रसिद्ध होता. विज्ञानाच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा त्या काळी पुष्कळ शाळांत "घरी वाचून या" एवढ्यावर संपायचा. गावंडेबाई तो आठवडाभर शिकवायच्या. फळ्यावर आकृती काढायच्या, सगळी नावं मोठ्याने उच्चारायच्या आणि मुलींकडून म्हणून घ्यायच्या. एका वर्षी एक पालक चिडून आले. हेडमास्तरीणबाईंनी गावंडेबाईंना बोलावलं. मी वह्या तपासत तिथेच बसले होते. बाईंनी त्या गृहस्थांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अगदी मनापासून विचारलं, "भाऊ, तुमीच सांगा, कसं शिकवू? यातला कोणता शब्द काढून टाकू?"

पुस्तक उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्या गृहस्थांनी पान वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. शब्द उच्चारल्याशिवाय तो काढा म्हणता येईना. थोड्या वेळाने ते पाणी पिऊन निघून गेले. मुलीचं नाव काही त्यांनी शाळेतून काढलं नाही.

ती वर्षं आमच्या भागाला फार वाईट होती. पेपरच्या आतल्या पानावर रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव असायचं आणि वर्गात एखादी मुलगी आठ-दहा दिवस दिसली नाही की हजेरी घेताना आमचा आवाज बदलायचा. बाईंच्या गावीही, त्यांच्या घरापासून दोन घरं सोडून, एका माणसाने फवारणीचं औषध पिऊन जीव दिला. त्याच्या तेरवीला बाई गेल्या आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांना विचारलं की फवारणीचं औषध घरात ठेवावं तरी कुठे. कुणी म्हणालं गोठ्यात, कुणी म्हणालं माळ्यावर. बाईंनी घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि अमरावतीला आणून लोखंडी पेटीत कुलूपबंद केल्या. फवारणी असेल त्या आठवड्याला लागेल तेवढं औषध त्या एसटीतून घेऊन जायच्या. वास येतो म्हणून कंडक्टर भांडायचा, तर त्याला तिकिटाबरोबर एक संत्रं द्यायच्या.

भास्कररावांना ते लागलं होतं. ते शांत माणूस, व्यसन नाही, कुणाशी वाद नाही. एकदा मी त्यांच्या घरी असतानाच ते म्हणाले, "माह्यावर भरोसा नाही का तुह्या?"

"तुमच्यावर हाय," बाई म्हणाल्या. "दिवसावर नाही."

पुढे गावातल्या त्यांच्या गल्लीतल्या आणखी दोन बायांनी आपापल्या बाटल्या बाईंच्या पेटीत आणून ठेवल्या, हेही मला भास्कररावांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता.

बाईंचा आजार आम्हाला कळला तो मधल्या सुट्टीतच. उन्हाळा लागायला सुरुवात झाली होती. डबे उघडले होते. बाईंनी लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली आणि म्हणाल्या, "माह्या छातीत गाठ निघाली. तपासली. कॅन्सर हाय म्हणते."

"दोन रस्ते हायेत," त्या पुढे म्हणाल्या, मेथी का वांगी विचारतात त्याच सुरात. "एक म्हणजे सगळं काढून टाकायचं. दुसरा, नुसती गाठ आन् तिच्या भोवतालचं काढायचं, आन् मंग बाकीच्याले शेक घ्यायचे, मशीनचे. काय करू?"

पहिल्यांदाच त्यांच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही. भूगोलाच्या बाई उठून हात धुवायला गेल्या त्या परत आल्याच नाहीत. गावंडेबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. थोड्या खट्टू झाल्यासारख्या वाटल्या. म्हणाल्या, "एरवी तं लय बोलता."

शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर राजापेठेपर्यंत चालत गेले. शिकवण्या सुटायची वेळ होती, सायकली आणि स्कूटरमधून वाट काढत चालावं लागत होतं. त्या गर्दीतच त्यांनी सांगितलं की गाठ त्यांना दिवाळीतच हाताला लागली होती.

"दिवाळीत? आणि दाखवली आत्ता?"

"वेचणी होती," त्या म्हणाल्या. मग थोडं चालून थांबल्या. "वेचणीचं नाव सांगतो मी. खरं म्हणजे भेव वाटलं. पोट्टींले सगळं शिकवतो, नाव घ्यायले लावतो, आन् स्वतःची गाठ पदराखाली घेऊन चार महिने फिरलो. हे तू कोणाले सांगू नोको." आणि लगेच, "नाई, सांग. पोट्टींले सांग. त्याइच्या कामी येईन."

अमरावतीच्या सर्जननी त्यांना सगळं काढायचाच सल्ला दिला होता. पण त्यांची नणंद मालूबाई अकोल्याला राहायची आणि तिथे कॅन्सरच्या एक डॉक्टरीण होत्या, शेकाची सोयही होती. बाईंनी त्यांनाही दाखवायचं ठरवलं. जाताना मला म्हणाल्या, "तू चाल संगं. मी इचारत राहतो आन् आयकायचं राहून जाते. ह्याइले दवाखान्यात गेलं की काही सुचत नाही. तू आयक."

मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या एसटीत आम्ही तिघं बसलो. बाई खिडकीत, मध्ये मी, बाहेरच्या बाजूला भास्करराव मांडीवर रिपोर्टची पिशवी दोन्ही हातांनी धरून. वाटेत नांगरलेली काळी शेतं होती. बाई प्रत्येक वावराकडे पाहून, हे कोणी नांगरलं, चांगलं नांगरलं, असं काहीबाही बोलत होत्या.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असतील. घाई नव्हती त्यांना. स्वतःच्या तळहातावर बोट फिरवून त्यांनी समजावलं. गाठ फार मोठी नाही. दोन्ही पद्धतींनी बायका साधारण सारख्याच जगतात, हे आता नीट कळलेलं आहे. मात्र नुसती गाठ काढली तर शेक घ्यावेच लागतील, रोज, पाच-सहा आठवडे. त्याच जागी पुन्हा उगवायची शक्यताही थोडी जास्त राहते. आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा तपासल्यावर तिथपर्यंत आजार गेलेला दिसला, तर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. सगळं काढलं तर ऑपरेशन मोठं, पण बहुतेक एकदाच. काखेतल्या गाठी दोन्हीत काढाव्या लागतील आणि सलाईनमधली औषधंही दोन्हीत घ्यावी लागतील.

बाईंनी विचारायला सुरुवात केली. हात वर जाईल का? फळ्यावर लिहिता येईल का? शेकानं कातडी जळते का? रोज शेक घेऊन मग माणूस दिवसभर काय करतो? डॉक्टरीणबाई एकेकाचं उत्तर देत होत्या. शेवटी बाई म्हणाल्या, "तुमच्या बहिणीले झालं असतं तं तुमी काय सांगतलं असतं?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "मी तिला म्हटलं असतं, सगळं काढून टाक. पण ते डॉक्टर म्हणून नाही. मी घाबरट आहे म्हणून."

हे उत्तर गावंडेबाईंना फार आवडलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "बाई खरी हाय. हिच्याच हातानं करायचं, जे करायचं ते."

मालूबाईंकडे जेवायला बसलो तेव्हा तिथेही प्रश्न निघालाच. मालूबाई भास्कररावांची मोठी बहीण, घरात तिचा शब्द चालायचा. तिने वाढता वाढताच निकाल दिला.

"काढून टाक, बाप्पा. या वयात काय करायचं त्याचं? पोरगी मोठी झाली, पुण्याले शिकून राहिली. आता काय त्याले कोणी दूध पेणार हाय?"

भास्करराव ताटाकडे बघत होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "आक्का, बोंडअळी लागली म्हणून कोणी सगळं वावर नांगरते काय?"

"अळी पसरली तं नांगराच लागते," मालूबाई म्हणाली.

"पसरली का नाही ते पाहू द्या ना पयले." मग वरणात भात कालवत बाई म्हणाल्या, "आन् कोणाच्या कामाचं हाय म्हणून ते माह्या अंगावर नाही, आक्का. माह्यं हाय म्हणून हाय."

मालूबाईने मग दुसरी वाट काढली. अकोल्याबाहेर एका गावात झाडपाल्याचं औषध देणारा एक जण होता, तिकडे तरी जाऊन ये म्हणाली. मला वाटलं गावंडेबाई उडवून लावतील. त्या गेल्या. त्याला विचारलं, "तुमच्याकडून औषध नेलेल्या बाया वर्षाभरानं भेटते का तुमाले?" तो म्हणाला, "बरं झाल्यावर कोण येते, बाई?" बाई परत येऊन आम्हाला सांगताना म्हणाल्या, "बरं नाई झाल्यावर बी कोण येते? तो तरी काय करीन." औषध मात्र आणलं नाही.

त्या मुक्कामात एक गोष्ट झाली ती मी विसरणार नाही. मालूबाईंच्या शेजारी राबियाबाजींचं घर होतं. त्यांचं गादीघर होतं. पुढे दुकानात कापूस पिंजला जायचा, मागे घर. त्यांचं दहा वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झालं होतं, सगळं काढलेलं. मालूबाईला वाटलं त्या काढून टाकायलाच सांगतील, म्हणून ती बाईंना घेऊन गेली. बाईंनी मलाही ओढलं.

राबियाबाजी साठीच्या, अंगाने भरलेल्या, केसांना मेंदी लावलेल्या. चहा दिला. बाईंनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाजी, तुमी काय म्हणता?"

"मैं क्या बोलू बेटा," राबियाबाजी म्हणाल्या. "मले तर कोणी इचारलंच नव्हतं. डॉक्टर बोला निकालना पडेगा, घरवाले बोले निकालो, निकाल दिया." मग त्या बाईंकडे वळल्या. "देखना हाय का तुले?"

गावंडेबाईंनी मान हलवली. राबियाबाजींनी दाराला कडी लावली, ओढणी बाजूला ठेवली आणि कुडता वर केला. डाव्या बाजूला सपाट छाती होती, काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत एक आडवा व्रण, जुना, त्वचेच्या रंगाचा झालेला. पुढच्या दुकानातून कापूस पिंजायच्या मशीनचा आवाज येत होता.

गावंडेबाई जवळ गेल्या. "हात लावू?"

"लगा."

बाईंनी दोन बोटांनी व्रणावरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "दुखते?"

"नाही. कधी कधी खाज येते, जिथं काहीच नाही तिथं. खाजवायले गेलं तर सपाट." राबियाबाजी हसल्या आणि कुडता खाली ओढला. "मी जिंदा हाय, बेटा. दस साल. पर तू इचारून राहिली, हे चांगलं करून राहिली. पूछ ले. फिर जो करना है कर."

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरला गाडी थांबली. भास्कररावांनी तिघांना चहा आणला. बाईंनी सगळ्या जगाला विचारलं होतं, पण यजमानांना विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. तिथे विचारलं.

"तुमाले काय वाटते?"

चहा संपवून, कप परत ठेवून आल्यावर भास्करराव म्हणाले, "तू रायली पायजे. बाकीचं मले काई समजत नाई. तुह्यं अंग, तू ठरव."

"अन् शेकासाठी दीड महिना अकोल्याले रायलो तं?"

"मी येत जाईन."

बाईंनी ठरवलं ते त्यांनी सोमवारी डबा उघडायच्या आधीच सांगितलं. नुसती गाठ काढायची आणि शेक घ्यायचे. कुणाला ते बरोबर वाटलं, कुणाला नाही. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, "एकदाच काय ते करून मोकळ्या झाल्या असत्या." गावंडेबाई म्हणाल्या, "हे बी खरं हाय." आणि रजेचा अर्ज पुढे केला.

ऑपरेशन अकोल्यालाच झालं, त्याच डॉक्टरीणबाईंच्या हातून. नीट झालं. मी रविवारी भेटायला गेले तेव्हा त्या मालूबाईंच्या अंगणात बाजेवर बसून भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करत होत्या आणि बोटं कुठपर्यंत पोचली तिथे कोळशाने खूण करत होत्या. भिंत खराब होते म्हणून मालूबाई आतून बोलत होती.

मग कडांचा रिपोर्ट आला. आजार कडेपर्यंत होता.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा समजावलं. आणखी थोडं कापून बघता येईल, पण हा आजार बारीक बारीक पसरलेला दिसतोय, पुन्हा तेच निघायची शक्यता आहे आणि आता उरेलही थोडंच. आता मात्र त्यांचं मत सगळं काढावं असं होतं. या वेळी गावंडेबाईंनी कुणालाच विचारलं नाही. "काढा," म्हणाल्या.

घरी आल्यावर मालूबाईच्याने राहवलं नाही. "मी पयलेच म्हटलं होतं. दोनदा कापून घेतलं ना अंगाले."

मला ते फार लागलं, बाईंना लागलेलं दिसलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमी म्हटलं होतं, आक्का. तुमचं बरोबर निघालं. पण तवा जे माहीत होतं त्याच्यावरून मी ठरवलं. आता दुसरं माहीत झालं, आता दुसरं ठरवलं. पयलं चुकलं असं मले नाही वाटत."

मालूबाईने उठून बाईंसाठी गरम पाणी काढलं, स्वतःच्या हाताने बादली न्हाणीत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. बाई न्हाणीत गेल्या त्या पुष्कळ वेळ बाहेर आल्या नाहीत. पाण्याचा आवाजही येत नव्हता. मालूबाई दोनदा दारापर्यंत गेली आणि हाक न मारता परत आली. बाई बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. केस पुसत म्हणाल्या, "निरोप घेतला."

औषधांनी केस गेले, जिभेची चव गेली, नखं काळी पडली. भास्करराव म्हटल्याप्रमाणे येत राहिले, कधी गावाहून भाकरी बांधून, कधी नुसतेच, आणि बाजेशेजारी बसून राहायचे. पेरणीच्या दिवसांत ते आले की पायांना चिखल असायचा आणि बाई तो बघून पाऊस किती झाला ते ओळखायच्या.

शाळेत परत आल्या त्या डोक्याला रुमाल बांधून. पहिल्याच तासाला मुलींना सांगितलं, काय झालं होतं, कधी हाताला लागलं होतं आणि किती उशिरा दाखवलं. उशीर झाला हे दोनदा सांगितलं. मग म्हणाल्या, "काढा पुस्तक."

राबियाबाजींनी त्यांच्यासाठी छातीला लावायची एक छोटी उशी शिवून पाठवली होती, स्वतःच्या दुकानातल्या कापसाची. पण कापूस हलका, उशी वर सरकायची. बाईंनी सगळ्यांना विचारलं, वजनासाठी आत काय भरू? कुणी म्हणालं मोहरी, कुणी म्हणालं बारीक वाळू. बाईंनी ज्वारी भरली. दोनेक महिने सगळं छान चाललं. एक दिवस स्टाफरूममध्ये त्यांनी ब्लाउजवरून काहीतरी झटकलं. मग आणखी काहीतरी, बारीक, काळं, चालणारं. मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "मंदा, ज्वारीले सोंडे झाले." मी हसायचं का नाही या विचारात होते, तोवर त्याच खुर्चीत मागे रेलून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. त्या दिवसापासून त्यांनी ती उशी लावणं सोडलं. पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागल्या आणि पुढे काही दिवसांनी तेही सोडून दिलं.

त्यानंतर बाई पुष्कळ वर्षं चांगल्या होत्या. उजवा हात थोडा सुजायचा, जड वस्तू डाव्या हाताने उचलायच्या. शाळेतल्या जुन्या मुली, आता बायका झालेल्या, त्यांच्या घरी यायच्या, काहीतरी हाताला लागलंय म्हणून. बाई त्यांना कधी घाबरू नको म्हणाल्या नाहीत. "भेव वाटू दे. दाखवून ये," म्हणायच्या, आणि कुणी एकटी असेल तर स्वतः बरोबर जायच्या. त्यातल्या बऱ्याच जणींचं काही निघायचं नाही. दोघीतिघींचं निघालं. त्यांच्यापुढेही दोन रस्ते आले तेव्हा एकीने बाईंना विचारलं, तुम्ही सांगा तेच करते. बाई तिच्यावर जवळजवळ चिडल्या. "मी काहून सांगू? मी तं दोन्ही केलं."

निवृत्त झाल्यावर त्या गावी राहायला गेल्या. तिकडूनच एकदा फोन आला, पाठ दुखते म्हणून. जुना आजार हाडांत उतरला होता. डॉक्टरीणबाईंचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी पुन्हा दोन वाटा सांगितल्या. सलाईनमधली जड औषधं घ्यायची, त्यातून काही महिने वाढू शकतील, पण त्यातले बरेचसे दवाखान्यात आणि अंथरुणात जातील. किंवा दुखतं त्या हाडाला थोडे शेक, दुखणं कमी करायच्या गोळ्या, आणि घर.

बाईंनी मला फोन करून विचारलं. मी म्हटलं औषधं घ्या. मुलीला विचारलं, तीही रडत तेच म्हणाली. मालूबाई खूप थकली होती, ती म्हणाली, तुले जे झेपीन ते. बाईंनी डॉक्टरीणबाईंना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली होती, असं भास्कररावांनी सांगितलं. महिने किती ते नाही. ते महिने कसे.

शेक घेऊन त्या घरी गेल्या. तूर सोंगणीला आली होती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते राजापेठेत. भास्करराव त्यांना तपासणीसाठी घेऊन आले होते आणि परतीच्या गाडीला वेळ होता. चष्म्याच्या दुकानासमोरून जाताना मला आत त्या दिसल्या. काउंटरसमोर स्टुलावर बसलेल्या, फार वाळलेल्या, पाठीला भास्कररावांचा हात. काउंटरवर फ्रेमा पसरलेल्या होत्या. मी आत गेले. जुन्या चष्म्यानं पेपर वाचता येत नाही म्हणाल्या, नंबर वाढला. दुकानदार त्यांना सांगत होता की या फ्रेमची दोन वर्षांची गॅरंटी आहे. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली.

त्यांनी एक तपकिरी फ्रेम लावली, आरशात पाहिलं, काढली. मग एक काळी, जरा जाड, वर दोन्ही टोकांना उचललेली. आलटून पालटून तीनदा झालं. दुकानदाराला विचारलं, तो तपकिरी म्हणाला. भास्कररावांना विचारलं, ते म्हणाले तपकिरी. मग स्टुलावरच अर्ध्या वळून, ती काळी डोळ्यांवर ठेवून, त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मंदा, कोणती चांगली दिसते माह्यावर?"

मी दोन्ही नीट पाहिल्या. खरंच नीट पाहिल्या. "तपकिरी," मी म्हटलं.

"हे बी खरं हाय," गावंडेबाई म्हणाल्या, आणि काळी दुकानदारापुढे सरकवली.